रक्तदाबाच्या गोळ्यांची ओळख

उच्च रक्तदाबासाठी लिहून दिलेली गोळी नेमकी कोणती, हे तिच्यावरील खुणा आणि लेबल यांवरून ठरवणे. रुग्ण सहसा ‘बीपीची बारीक पांढरी गोळी’ एवढेच सांगतो. या वर्णनात ॲम्लोडिपिन बसते, ॲटेनोलॉल बसते, आणि रक्तदाबाशी काडीचा संबंध नसलेल्या कितीतरी गोळ्याही बसतात. रंग आणि आकार कंपनी ठरवते. कंपनी बदलली की तेच औषध वेगळे दिसते.

लेबलवर ठळक छापलेले असते ते व्यापारी नाव. खरी ओळख त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या मूळ औषधनामात असते. या नावाच्या शेपटावरून गट कळतो : रामिप्रिलमधले ‘प्रिल’, टेल्मिसार्टानमधले ‘सार्टान’, ॲम्लोडिपिनमधले ‘डिपिन’, मेटोप्रोलॉलमधले ‘ओलॉल’. व्यापारी नावापुढच्या ‘एएम’ किंवा ‘एच’ या अक्षरांवरून बहुधा जोडीला ॲम्लोडिपिन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असल्याचे समजते. तरी हे संकेत सर्वत्र सारखे नसतात, घटक वाचलेलेच बरे.

मात्रा वाचताना जास्त फसायला होते. एस-ॲम्लोडिपिनची (ॲम्लोडिपिनचा फक्त काम करणारा अर्धा भाग) २.५ मिग्रॅ गोळी साध्या ॲम्लोडिपिनच्या ५ मिग्रॅइतकेच काम करते. आकडा निम्मा, औषध निम्मे नव्हे. मेटोप्रोलॉलच्या पुढचा शब्दही सोडू नये : टार्ट्रेट सहसा दिवसातून एकाहून अधिक वेळा घ्यावे लागते, तर सक्सिनेट सावकाश सुटणारे, दिवसातून एकदा. ‘एक्सएल’, ‘ईआर’ लिहिलेली, म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी कुटू किंवा चावू नये. निफेडिपिनच्या अशा काही गोळ्यांचे रिकामे कवच शौचात जसेच्या तसे दिसते. रुग्ण घाबरतो, पण औषध आधीच उतरलेले असते.

सुट्या गोळीवर कोरलेली अक्षरे व आकडे हा उरलेला आधार. अमेरिकेत १९९५ पासून बहुतेक गोळ्यांवर असा संकेत सक्तीचा आहे; सगळीकडे तशी सक्ती नाही. मधली रेघ गोळी अर्धी करण्यासाठी असते, पण प्रत्येक रेघ त्यासाठीच असते असे नाही.

बॅच क्रमांक गोळीवर नसतोच, तो वेष्टनावर असतो. २०१८ मध्ये वालसार्टानच्या काही उत्पादनांत एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक द्रव्य सापडले व अनेक देशांत ती परत मागवली गेली. आपली गोळी त्यांतली आहे का, हे रंगरूपावरून नव्हे, उत्पादक आणि बॅच पाहूनच कळत होते. म्हणून स्ट्रिपमधून गोळ्या काढताना बॅच आणि मुदत छापलेले टोक शेवटपर्यंत राखतात.