स्वकूर्चापेशी रोपण
गुडघ्याच्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक थराला) पडलेला खड्डा रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून भरण्याची शस्त्रक्रिया. ऊतक अभियांत्रिकीतून (पेशींपासून शरीराचे भाग घडवण्याच्या शास्त्रातून) प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत पोहोचलेल्या मोजक्या उपचारांपैकी हा एक.

सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेली गुळगुळीत कूर्चा साधारण २ ते ४ मिमी जाडीची असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. पेशीही अगदी विरळ आणि आपापल्या पोकळीत अडकलेल्या. म्हणून मोडलेले हाड सांधते, पण कूर्चेची जखम तशीच राहते. ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर याने हे १७४३ मध्येच लिहून ठेवले होते. खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील पेशी वर आणण्याचा सोपा उपाय (मायक्रोफ्रॅक्चर) आजही केला जातो. त्यातून मात्र बहुधा तंतुमय कूर्चा तयार होते आणि ती दाब सोसायला कमी पडते.

रोपणासाठी दोनदा शस्त्रक्रिया लागते. आधी दुर्बिणीतून मांडीच्या हाडाच्या ज्या भागावर फारसा भार येत नाही तिथली २००-३०० मिलिग्रॅम कूर्चा काढतात. विकरांनी ती विरघळवून सुट्या झालेल्या पेशी काही आठवडे वाढवतात. खरी अडचण इथेच येते. सपाट बशीत वाढताना या पेशी लांबट होतात, आपला गुणधर्म विसरतात आणि गुळगुळीत कूर्चेला लागणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनऐवजी (तंतुमय प्रथिनाऐवजी) पहिल्या प्रकारचे बनवू लागतात. त्रिमितीय आधार मिळाला की त्या बऱ्याच अंशी मूळ वळणावर येतात.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेशींचा द्रव खड्ड्यात सोडून वर नडगीच्या हाडावरील पातळ आवरणाचा तुकडा शिवला होता. मांडीच्या हाडावर रोपण झालेल्या १६ पैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला गुण आला. वाटीवरच्या ७ पैकी फक्त दोघांना. पुढे शिवलेले आवरणच फुगून त्रास देऊ लागले, तेव्हा पेशी थेट कोलॅजनच्या पडद्यावर पेरण्याची पद्धत आली. डुकराच्या कोलॅजनचा असा पडदा वापरणाऱ्या ‘मॅसी’ या उत्पादनाला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

हा उपाय अपघाताने किंवा खेळताना पडलेल्या, कडा शाबूत असलेल्या खड्ड्यासाठी आहे. वयोमानाने सगळा सांधा झिजला असेल तर त्याचा उपयोग नाही. गुडघेदुखीच्या जाहिरातींत हा फरक सोयीस्करपणे गाळला जातो. पाय वाकडा किंवा अस्थिबंध तुटलेला असेल तर आधी ते दुरुस्त करावे लागते, नाहीतर नवी कूर्चाही त्याच भाराखाली झिजते. रुग्णाला काही आठवडे कुबड्या आणि नेमाने व्यायाम करावा लागतो; धावण्या-उड्या मारण्याच्या खेळांना बहुधा वर्षभर थांबावे लागते.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे नाकाच्या पडद्यातील कूर्चापेशी वापरून गुडघा दुरुस्त करण्याचे प्रयोग झाले. १० रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नाकातून पेशी घेतल्या की आधीच दुखावलेल्या गुडघ्याला आणखी एक जखम करावी लागत नाही.