मार तोच, मग शिक्षा वेगळी का?

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले गंगाराम कांबळे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पागेत नोकरीला होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान घालून दिलं आणि स्वतः तिथला चहा प्यायले. तो मार एकट्या गंगारामांसाठी नव्हता. त्यांच्यासारख्या कुणीच पुन्हा हौदाकडे फिरकू नये, यासाठी होता. १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखान्यांत अस्पृश्यता पाळायला हुकमाने बंदी केली.

‘मारहाणीचं कलम आहेच, मग द्वेषातून केलेल्या गुन्ह्यासाठी वेगळा कायदा कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी हा हौद आठवावा.

इंग्रजांची कलमं वेगळ्या धाटणीची. १८९८ चं १५३-अ (गटागटांत वैर पसरवणं) आणि १९२७ चं २९५-अ (धर्माचा अपमान करणं) ही दोन्ही मुख्यतः बोलण्या-लिहिण्यावरची. अशा कलमांचा दुरुपयोग सोपा असतो, ही भीती मला रास्त वाटते. पण तिचा आधार घेऊन अंगावर हात टाकणाऱ्याला सूट मागू नये.

अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ मध्ये आला. तो अपुरा पडला म्हणून १९८९ मध्ये अॅट्रॉसिटी कायदा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा कायदा झाला. त्यात एक अडचण होती. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला जन्मठेप व्हायची, पण तो पीडिताच्या जातीमुळेच केला, हे सिद्ध झालं तर. मनातला हेतू कोर्टात दाखवायचा कसा? शेताच्या बांधावरून भांडण होतं, असं म्हटलं की जात बाजूला पडायची. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पीडिताची जात माहीत असणं पुरेसं ठरलं.

लगेच विरोधही उभा राहिला. १५ ऑक्टोबर २०१६ ला कोल्हापुरात निघालेल्या मराठा क्रांती मोर्चात या कायद्यात बदलाची मागणी होती. कराडच्या फार्मसी कॉलेजातल्या एका तक्रारीवरून सुरू झालेल्या खटल्यात मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची आणि अटकेआधी मंजुरीची अट घातली. संसदेने त्याच वर्षी ती काढून टाकली आणि २०२० मध्ये कोर्टाने ती दुरुस्ती मान्य केली. खोट्या तक्रारी होत असतील, तर त्या तपासात उघड्या पडाव्यात. त्यासाठी खऱ्या तक्रारदाराला पोलिस ठाण्याच्या दारातच अडवणं मला पटत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत झुंडीने केलेल्या खुनाचं वेगळं कलम आहे. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, भाषा, लिंग, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला, तर फाशी किंवा जन्मठेप. त्या यादीत ‘धर्म’ हा शब्द नाही. दोनच आठवड्यांनी, १४ जुलैला, विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात जमावाने मुसलमानांची घरं आणि मशीद फोडली. जीव गेला असता, तर द्वेषाचं कारण ‘वैयक्तिक श्रद्धा’ म्हणून तरी या कलमात मोजता आलं असतं. घराची नासधूस करण्याच्या शिक्षेत मात्र न्याय संहिता ते धरत नाही.