बँकॉकमधले पहिले दिवस: आमचा पत्ता कसा शोधायचा

आमच्याकडे राहायला आणि जेवायला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही

नवं सत्र सुरू झालं की पहिल्या आठवड्यात आमचा फोन एकाच गोष्टीसाठी वाजतो. "काका, मी सुखुमवितवर उभा आहे, तुमची गल्ली कुठे आहे?" सुखुमवित हा रस्ता बँकॉकमधून निघून पार कंबोडियाच्या बाजूला, त्रात प्रांतापर्यंत जातो. त्यामुळे "सुखुमवितवर उभा आहे" एवढ्यावरून तुम्हाला शोधणं आम्हाला जमत नाही. हे फोन नेमके डबे निघायच्या वेळी येतात. पोऱ्या डबे खाली ठेवून तुम्हाला आणायला धावतो आणि चुलालोंगकॉर्न विद्यापीठाच्या मुलांचं जेवण उशिरा पोचतं. म्हणून हे पत्रक निघायच्या आधी शांतपणे वाचा.

49 च्या समोर 50 नसते

मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला इथे सॉय म्हणतात आणि तिला नंबर असतो. शहराच्या मध्यापासून बाहेर जाताना विषम नंबर डाव्या हाताला, सम नंबर उजव्या हाताला. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. गडबड पुढे होते. दोन्ही बाजूंची मोजणी वेगवेगळी चालते आणि डावीकडे गल्ल्या जास्त दाट आहेत, त्यामुळे तिकडचे आकडे भराभर वाढतात. असोकचा चौक ही सॉय 21, थाँग लो ही 55, एक्कमाई 63. पण एक्कमाईच्या समोरच्या अंगाला उभं राहिलात तर तिथे 42 च्या आसपासचे नंबर दिसतील.

आमच्या खोल्या सॉय 50 मध्ये आहेत. मुलं गाडीतून 49 ची पाटी बघतात, रस्ता ओलांडला की 50 येईल म्हणून तिथेच उतरतात आणि चालायला लागतात. 49 आहे फ्रोम फाँग आणि थाँग लो या स्टेशनांच्या मध्ये. आमची 50 आहे ऑन नुट स्टेशनजवळ, सॉय 77 च्या समोरच्या बाजूला. अंतर अडीच-तीन किलोमीटर, हातात बॅगा आणि वर एप्रिलचं ऊन. मागच्या सत्रात एक मुलगी अशीच दोन बॅगा ओढत आली, तेव्हा तिच्या चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि पाण्याची बाटली कधीच रिकामी झालेली होती. तिला आधी कोकम सरबत दिलं, खोलीची किल्ली नंतर.

दुसरी फसगत ऑन नुट या नावाची. सॉय 77 लाच ऑन नुट म्हणतात, आणि तो स्वतः इतका मोठा रस्ता आहे की त्यालाही नंबरी गल्ल्या आहेत. टॅक्सीवाल्याला "ऑन नुट, फिफ्टी" म्हणालात तर तो बिचारा त्या रस्त्यात आत आत नेत राहील. "सुखुमवित हासिप" म्हणा. हासिप म्हणजे 50.

घरांचे नंबरही ओळीने लागतील असं समजू नका. मूळ जागेचा नंबर, मग तिरपी रेघ, मग तिच्या तुकड्याचा नंबर, अशी इथली पद्धत आहे. शेजारशेजारच्या दोन घरांच्या आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नसू शकतो. मॅपवर इंग्रजीत पत्ता टाइप करू नका, आम्ही पाठवलेली पिनच उघडा.

खोली पक्की झाली की आम्ही प्रत्येकाला एक कार्ड पाठवतो. त्यावर थाई लिपीत पूर्ण पत्ता, स्टेशनचं नाव, कोणत्या एक्झिटने उतरायचं तो नंबर आणि आमच्या फाटकाचा फोटो असतो. त्याचा प्रिंट काढा, कारण विमानतळावर फोन चालू होईलच असं नाही. ड्रायव्हरला तोंडी काही सांगत बसू नका, कार्ड दाखवा.

विमानतळावर आम्ही गाडी का पाठवत नाही

पालक हे हमखास विचारतात. आमचं स्वयंपाकघर पहाटे सुरू होतं आणि माणसं मोजकी आहेत. विमान उशिरा आलं तर एक माणूस आणि एक गाडी अर्धा दिवस अडकून पडते, आणि तो खर्च शेवटी तुमच्याच भाड्यात घालावा लागेल. सुवर्णभूमी विमानतळावर तळमजल्याला सरकारी रांगेतली मीटरची टॅक्सी मिळते. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावरच्या नंबरच्या जागी टॅक्सी उभी असते. मीटर साधारण 35 बातपासून सुरू होतो, वर विमानतळाचे 50 बात आणि द्रुतगती मार्गाने गेलात तर टोल. चिठ्ठी खोलीत पोचेपर्यंत फेकू नका. सामान गाडीत राहिलं तर तीच उपयोगी पडते. सामान थोडं असेल तर एअरपोर्ट रेल लिंकने फया थाई, आणि तिथून बीटीएसने, म्हणजे खांबांवरच्या मेट्रोने, ऑन नुट. पण पहिल्या दिवशी टॅक्सीच बरी, असं आमचं मत आहे.

आल्या आल्या पासपोर्ट

दारात चपला काढा आणि पासपोर्ट द्या. परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांच्या आत घरमालकाने इमिग्रेशनला कळवावं लागतं. ते आम्ही करतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. मात्र मुलं सामान टाकून शहर बघायला पळतात आणि रात्री उशिरा उगवतात. नोंद राहिली तर दंड आम्हाला होतो, आणि पुढे व्हिसाची मुदत वाढवायला गेल्यावर अडचण तुमची होते. दहा मिनिटं थांबा, फोटो काढून घेऊ द्या, मग खुशाल फिरा. थायलंडला पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं ऑनलाइन आगमन कार्ड 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे. ते सरकारी साइटवर फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर ती साइट बंद करा. त्यातही आमच्या कार्डावरचाच पत्ता घाला.

फिरताना

ऑन नुटहून सियाम नववं स्टेशन. बीटीएस आणि एमआरटी (भुयारी मेट्रो) यांची तिकिटं वेगळी, एकाचं दुसऱ्यावर चालत नाही. असोकला गाडी बदलताना हे आठवा. संध्याकाळी टॅक्सीत बसून पैसे आणि वेळ घालवू नका. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, तेव्हा आहात तिथे उभे राहा. राजवाड्याबाहेर कोणी गोड बोलून "आज बंद आहे, दुसरं देऊळ दाखवतो" म्हणालं तर सरळ फाटकापर्यंत चालत जा. ई-सिगारेट इथे बेकायदा आहे, बॅगेत आणूच नका.

शाकाहारी मुलांनो, नुसत्या भाजीच्या पदार्थातही माशाचा रस पडतो. "माय साय नाम प्ला" म्हणा, किंवा पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दुकान शोधा. तिथे कांदा-लसूणही नसतो. डाळी, मसाले हवे असतील तर पाहुरात नावाचा भारतीय दुकानांचा भाग गाठा. एमआरटीचं साम योत स्टेशन.

नव्या मुलांना पहिल्या रविवारी आमचा मुलगा सोबत नेतो. सफान ताक्सिनला उतरून नदीतून बोटीने वाट अरुण या देवळाच्या बाजूला आणि परत. खोली घेतलेल्यांना ही फेरी फुकट, फक्त डबा लावलेल्यांनी बोटीचं तिकीट काढायचं. शनिवारी दुपारपर्यंत नाव सांगा.

डबा दुपारचा, संध्याकाळचा किंवा दोन्ही वेळचा लावता येतो. पोळी-भाजी, आमटी-भात, गुरुवारी गोड. आदल्या रात्री 9 पर्यंत कळवलंत तर दुसऱ्या दिवसापासून सुरू करतो. डबा कुठे पोचवायचा ते सांगताना स्टेशनचं नाव आणि एक्झिटचा नंबर द्या. नुसता सॉयचा नंबर आम्ही आता लिहून घेत नाही.