पदवीवर ‘ऑनलाइन’ लिहिलेलं नसतं : संगणकशास्त्राच्या घरबसल्या मास्टर्सची पार्श्वभूमी

नोकरी सांभाळून संगणकशास्त्रात मास्टर्स करायचं ठरवलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘सर्टिफिकेटवर ऑनलाइन असं छापून येतं का?’ प्रश्न रास्त आहे. ‘बाहेरून केलेली’ पदवी आणि ‘रेग्युलर’ पदवी हा फरक आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटापासून बढतीच्या मुलाखतीपर्यंत पाठ सोडत नाही. अमेरिकेत अटलांटा इथल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये जो ऑनलाइन मास्टर्स सुरू केला, त्याच्या पदवीवर हा शब्द नाही. अटलांटाच्या वर्गात बसून शिकलेल्याला जो कागद मिळतो, तोच घरून शिकलेल्यालाही मिळतो. आज स्वस्त ऑनलाइन मास्टर्सचे जे अनेक पर्याय दिसतात, त्यांची वाट या एका निर्णयाने मोकळी केली. पण त्या निर्णयापर्यंत यायला साठ वर्षं लागली.

मूळ अडचण सुरुवातीपासून एकच होती. कामावर असलेल्या अभियंत्याला पुढे शिकायचं आहे आणि नोकरी सोडणं परवडणारं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५४ मध्ये आसपासच्या कंपन्यांशी करार केला आणि त्यांच्या अभियंत्यांना नोकरीत राहून पदव्युत्तर वर्गांना बसू दिलं. १९६९ मध्ये वर्गातली व्याख्यानं सूक्ष्मलहरींवरून थेट कंपन्यांच्या खोल्यांत दिसू लागली आणि तिथे बसलेल्या माणसाला आवाजाच्या जोडणीवरून वर्गात प्रश्नही विचारता येऊ लागला. म्हणजे आजच्या झूम वर्गाची कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती सँटा रोझाची गोष्ट. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचे काही अभियंते कॅलिफोर्नियातल्या या गावी कामाला गेले. स्टॅनफर्डचं प्रक्षेपण तिथवर पोहोचत नव्हतं. मग प्राध्यापक जेम्स गिबन्स यांनी वर्गातल्या व्याख्यानाच्या टेप कसलीही काटछाट न करता तिकडे पाठवायला सुरुवात केली. एकट्याने टेप बघत बसायचं नाही, ही त्यातली मेख. चार-सहा जणांचा गट एका खोलीत बसायचा, सोबत कंपनीतलाच एक जाणकार सहकारी असायचा. तो काही प्राध्यापक नव्हता. त्याचं काम एवढंच, की कुणाच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला की टेप थांबवायची. मग त्या मुद्द्यावर आपापसात बोलणं व्हायचं, कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवायचं, आणि समजलं की टेप पुन्हा सुरू. परीक्षेत या मंडळींनी प्रत्यक्ष स्टॅनफर्डच्या वर्गात बसणाऱ्यांच्या तोडीचे, किंबहुना काकणभर सरस गुण मिळवले. गिबन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अनुभव १९७७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. दूरशिक्षणात फरक पडतो तो थांबून विचारता येण्याने, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. पुढची चाळीस वर्षं लोक हाच धडा विसरत आणि पुन्हा शिकत राहिले.

१९८४ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथे नॅशनल टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी उभी राहिली. वेगवेगळ्या विद्यापीठांचे वर्ग उपग्रहावरून कंपन्यांत पोहोचवायचे आणि पदवी आपण द्यायची, अशी तिची रचना होती. आपल्याकडेही याच गरजेतून हालचाल चालू होती. बिट्स पिलानीने १९७९ पासून नोकरदारांसाठी कामाशी सांगड घातलेले अभ्यासक्रम चालवले. १९८५ मध्ये इग्नू आलं, १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद ज्यांच्या घरात अक्षरशः खरं ठरलं, अशी कुटुंबं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. टपालाने आलेली पुस्तकं आणि रविवारचे संपर्कवर्ग यांवर एक अख्खी पिढी शिकली. तिच्याकडे ‘बाहेरून केलं’ म्हणून खालच्या नजरेने बघणं अन्यायाचं आहे, हे इथेच सांगून टाकतो.

इंटरनेटने किंमत खाली आणली. भारतात सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटेल हा व्याख्यानांचे व्हिडिओ सगळ्यांना खुले करणारा उपक्रम सुरू केला. पण सगळ्या जगाचे कान टवकारले ते २०११च्या शरद ऋतूत. स्टॅनफर्डचे सेबॅस्टियन थ्रन आणि गूगलचे पीटर नॉर्व्हिग यांनी स्टॅनफर्डमधला कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग सगळ्यांना फुकट खुला केला, आणि त्यात १,६०,००० जणांनी नावं नोंदवली. व्हिडिओ अगदी साधे होते. कागदावर रोखलेला कॅमेरा, पेन धरलेला हात, आणि दर थोड्या वेळाने एक प्रश्न. उत्तर द्यायचं आणि मगच पुढे जायचं. शेजारी बसून कुणी गणित सोडवून दाखवावं तसं वाटायचं. पूर्ण केलं सुमारे २३,००० जणांनी. संख्या म्हणून हे अफाटच, पण नाव घालणाऱ्या दर सातांमागे सहा जण वाटेत गळले, हेही तितकंच खरं.

थ्रन यांनी युडॅसिटी ही ऑनलाइन शिकवणारी कंपनी काढली. अशाच आणखी दोन संस्था आल्या. अँड्रू एनजी आणि डॅफनी कोलर यांची कोर्सेरा, एमआयटी आणि हार्वर्डची एडेक्स, दोन्ही २०१२च्या. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी २०१४ मध्ये एडेक्सवर प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणारा अभ्यासक्रम शिकवला. पण नुसत्या व्हिडिओवर भिस्त ठेवली की काय होतं, ते २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट विद्यापीठात दिसलं. युडॅसिटीबरोबर घेतलेल्या तिथल्या गणिताच्या वर्गांत उत्तीर्णांचं प्रमाण इतकं खाली आलं की जुलैत प्रयोग थांबवावा लागला. सँटा रोझाच्या खोलीत टेप थांबवणारा माणूस होता. इथे पडद्यासमोरचा विद्यार्थी बराचसा एकटा होता.

याच काळात थ्रन आणि जॉर्जिया टेकच्या संगणन महाविद्यालयाचे अधिष्ठाता झ्वी गलील यांची बोलणी चालली होती. संगणकशास्त्राचा पूर्ण मास्टर्स १,००० डॉलरमध्ये देता येईल, असं थ्रन म्हणाले. गलील यांनी ४,००० म्हटलं. शेवटी एका क्रेडिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याच्या एका एककाला, १३४ डॉलर हा दर ठरला. ३० क्रेडिटचे होतात ४,०२०, आणि प्रत्येक सत्राचं शुल्क धरून पूर्ण पदवी सुमारे ६,६०० डॉलरला पडत होती. परराज्यातून किंवा परदेशातून येऊन वर्गात शिकणाऱ्याला हाच मास्टर्स ४५,००० डॉलरच्या आसपास पडतो, असं तेव्हाच्या बातम्यांत येत होतं. दूरसंचार कंपनी एटी अँड टीने सुरुवातीला २० लाख डॉलर दिले. तिला स्वतःची माणसं शिकवून हवी होती. मे २०१३ मध्ये घोषणा झाली. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी बफेलोच्या भाषणात तिचा उल्लेख केला, आणि जानेवारीत सुमारे ३८० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली.

स्वस्त म्हणजे सोपं, असा समज होऊ नये याची काळजी नियमांतच घेतली होती. दहा विषय, पूर्ण करायला सहा वर्षांची मुभा. प्रवेशाचा दरवाजा रुंद ठेवला. जागा मोजक्या म्हणून चांगल्या माणसाला परत पाठवायचं नाही, झेपेल असं वाटतं त्या प्रत्येकाला घ्यायचं. मात्र पहिल्या बारा महिन्यांत दोन पायाभूत विषय ‘बी’ किंवा त्याहून वरच्या श्रेणीत पार करावेच लागतात. आत येणं सोपं आणि टिकणं अवघड, ही रचना मला प्रवेशपरीक्षेच्या रांगेपेक्षा कितीतरी न्याय्य वाटते. चाळिशीतल्या माणसाचं वीस वर्षांपूर्वीचं मार्कशीट त्याच्याविषयी फारसं काही सांगत नाही. आज त्याला कोड लिहिता येतं का, प्रमेय समजतं का, ते हे दोन विषय सांगतात.

कोण आलं, याचा अभ्यास जोशुआ गुडमन, ज्युलिया मेल्कर्स आणि अमांडा पॅलेस या संशोधकांनी केला. पहिल्या वेळी जागा मर्यादित असल्याने विद्यापीठाने पदवीच्या गुणांच्या चारपैकी ३.२६ या सरासरीपाशी रेघ मारली होती आणि अर्जदारांना ती ठाऊक नव्हती. रेघेच्या जरा वरचे आणि जरा खालचे लोक गुणवत्तेने जवळजवळ सारखेच. वरच्यांना प्रवेश मिळाला आणि ते शिकले. खालच्यांपैकी बहुतेक जण दुसरीकडे कुठेही शिकायला गेले नाहीत. म्हणजे या अभ्यासक्रमाने इतर विद्यापीठांचे विद्यार्थी पळवले नाहीत. जे कधी शिकलेच नसते, ते शिकले. एकट्या या अभ्यासक्रमामुळे अमेरिकनांना मिळणाऱ्या संगणकशास्त्राच्या मास्टर्स पदव्या वर्षाला सुमारे ७ टक्क्यांनी वाढतील, असा त्यांचा हिशेब होता.

त्याच अभ्यासातला आणखी एक तपशील आपल्यासाठी आहे. अटलांटाला येऊन शिकण्यासाठी अर्ज करणारा सरासरी उमेदवार २४ वर्षांचा, नुकता पदवीधर झालेला भारतीय. ऑनलाइनसाठी अर्ज करणारा ३४ वर्षांचा, नोकरीत मुरलेला अमेरिकन. आपली मुलं पुण्या-नागपुरातून कर्ज काढून विमानात बसत राहिली, कारण पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. ज्याला शिक्षणाच्या वाटेने अमेरिकेत जायचं आहे, त्याला या पदवीचा त्या कामी उपयोग नाही, आणि हे त्याला कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. ज्याला इथे राहून, किंवा तिथे आधीच स्थिरावलेलं असताना विषय शिकायचा आहे, त्याच्यासाठी ती सोन्यासारखी आहे.

शिकवण्यातला माणूस जॉर्जिया टेकने परत आणला तो सहायकांच्या रूपात. अशोक गोयल यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गात सुमारे ३०० विद्यार्थी एका सत्रात दहा हजारांच्या घरात संदेश टाकत. २०१६ मध्ये त्यांनी सहायकांमध्ये ‘जिल वॉटसन’ नावाचं एक प्रोग्रॅम मिसळलं. सुरुवातीला तिची उत्तरं चुकायची, म्हणून ती विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवली. ९७ टक्के खात्री असेल तरच उत्तर द्यायचं, असं ठरल्यावर तिला वर्गात सोडलं. सत्र संपत आल्यावर मुलांना कळलं की जिल माणूस नव्हती. बातम्या तिच्या झाल्या. माझ्या मते खरा गाडा ओढला तो बाकीच्या सहायकांनी. पुढे त्यांच्यातले कित्येक जण हाच अभ्यासक्रम पूर्ण केलेले होते आणि दिवसाची नोकरी संपवून रात्री कनिष्ठांच्या शंका सोडवत बसायचे. सँटा रोझाचा तो सहकारीच पुन्हा परत आला होता.

बाकी विद्यापीठं मागोमाग आली. इलिनॉय २०१६ मध्ये, टेक्सास-ऑस्टिन १०,००० डॉलरला २०१९ मध्ये. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याच वर्षी, ज्यांनी पदवीला संगणक घेतलाच नव्हता, त्यांच्यासाठी सोय केली. बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठाने तर जुनी गुणपत्रिका मागणंच सोडलं. आधी ठरलेले विषय पास करून दाखवा, तोच प्रवेश.

भारतात मात्र गाडी कायद्यापाशी अडली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांवर गदा आणली. त्यातल्या काही निलंबित झाल्या, काही रद्द. त्या पदव्यांवर बढत्या घेतलेल्या माणसांच्या घरात त्या दिवशी काय झालं असेल! यूजीसीच्या २०२० च्या नियमांतही अभियांत्रिकी ऑनलाइन शिकवायला मनाई राहिली. म्हणून आपल्या विद्यापीठांत ऑनलाइन एमसीए मिळतं, पण ऑनलाइन एमटेक सहसा मिळत नाही. आयआयटींना हा नियम लागू नसल्याने कानपूरने २०२२ मध्ये गेट परीक्षेशिवाय ई-मास्टर्स सुरू केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त संस्थांची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असल्याचं जाहीर केलं.

जॉर्जिया टेकच्या अनेक विषयांत स्वाध्याय द्यायची मुदत रविवारची असते, आणि पृथ्वीवर जिथे रविवार सगळ्यात शेवटी मावळतो, तिथलं घड्याळ त्यासाठी धरतात. भारतात तेव्हा सोमवारची संध्याकाळ असते. पाच वाजून एकोणतीस मिनिटं. ऑफिसचं काम सुरू असतानाच.