एमटी_रँड आणि रँडम_इंट: दिसायला सारखे, कामाला वेगळे

पीएचपीत (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) रँडम आकडा देणारी दोन फंक्शन आहेत, एमटी_रँड आणि रँडम_इंट. ओटीपी बनवायला अजूनही कितीतरी जण एमटी_रँड वापरतात आणि टेस्टिंगला ते पासही होतं, कारण १००००० ते ९९९९९९ अशी रेंज दिली की रँडम_इंटकडूनही सहा आकडेच येतात, नुसतं बघून कुणाला काय कळणार. खरा फरक आकडा येतो कुठून त्यात आहे.

एमटी_रँड म्हणजे मर्सेन ट्विस्टर, गणिती सूत्राने आकडे काढणारी पद्धत. त्याला सुरुवातीला एक सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा मिळतो, तोही ३२ बिटचाच, आणि पुढचे सगळे आकडे त्या सीडवरून ठरलेले असतात, म्हणजे सीड सापडला की पुढचा ओटीपीपण सापडला. होमपेजवर फोटो बदलत ठेवायला किंवा टेस्टमध्ये तोच क्रम परत हवा असेल तर तो झकास आहे. रँडम_इंट (पीएचपी ७.० पासून आहे) थेट ऑपरेटिंग सिस्टमकडून आकडा घेतं, सीड द्यायची सोयच नाही, आणि सिस्टमकडून आकडा मिळालाच नाही तर गुपचूप कच्चा आकडा न देता सरळ एक्सेप्शन (चुकीचा इशारा, ज्याने काम थांबतं) टाकतं, मला ही गोष्ट फार आवडते.

मागे एका दुकानाच्या साइटवर दोन गिऱ्हाइकांना एकच कूपन गेलं म्हणून कोड उघडला तर वरतीच ही ओळ:

एमटी_एसरँड(टाइम());

ही ओळ आत्ताची वेळ सीड म्हणून देते. टाइम() सेकंदात मोजतं, मग एकाच सेकंदात दोन रिक्वेस्ट आल्या की तोच सीड आणि तेच कूपन, दुसरं काय होणार! पीएचपी ४.२ पासून सीड आपोआप पडतो, तरी जुन्या ट्युटोरियलमधून ही ओळ कॉपी होत राहते. दिसली की आधी उडवा.

पण ओळ काढून, रँडम_इंट लावूनही डुप्लिकेट येऊ शकतात हे लक्षात घ्या. चार अंकी कोड म्हणजे शक्यता फक्त १०,०००, आणि सव्वाशे कोड होईपर्यंत कुठले तरी दोन सारखे निघण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, तो फंक्शनचा दोष नाही. कोड लांब करा, डेटाबेसच्या कॉलमला युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम) लावा आणि धडकला तर नवीन काढा.

अक्षरं पिसणारं एसटीआर_शफल आणि यादीतून काहीतरी निवडणारं अॅरे_रँडसुद्धा आतून मर्सेन ट्विस्टरच वापरतात आणि आयडी बनवणारं युनिकआयडी तर घड्याळावर चालतं, त्यामुळे पासवर्ड रिसेटच्या लिंकला यातलं काहीच नको, तिथे बिन२हेक्स(रँडम_बाइट्स(१६)) लिहा. आणि रिफ्रेश केलं तरी आकडा बदलतच नसेल तर फंक्शनला हात लावायच्या आधी पेज कॅशे (पानाची साठवलेली जुनी प्रत) बंद करून बघा.