पिशवी काढली, मग बरणी कुठाय?

कोल्हापुरात स्नायू म्हटलं की तालीम आठवते, खासबागचं मैदान आठवतं. पैलवानाच्या दंडातला स्नायू मायक्रोस्कोपखाली बघितला तर त्यावर आडव्या पट्ट्या दिसतात. गर्भपिशवी, आतडं, रक्तवाहिन्यांच्या भिंती इथला स्नायू मात्र बिनपट्ट्यांचा, आपण न सांगता आपापला चालणारा, त्याला स्मूथ मसल म्हणतात. गर्भपिशवीतली त्याची साधी गाठ म्हणजे फायब्रॉइड, जी बऱ्याच बायकांना असते, आणि या स्नायूचाच कॅन्सर म्हणजे लिओमायोसार्कोमा.

हा कॅन्सर दुर्मिळ आहे. पण सोनोग्राफीत तो बऱ्याचदा फायब्रॉइडसारखाच दिसतो, एमआरआयवर संशय येऊ शकतो, खात्री नाही, आणि रक्ताची भरवशाची टेस्टही नाही. फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या साधारण ३५० बायकांत एकीला गर्भपिशवीचा सार्कोमा (स्नायूसारख्या मऊ भागांचा कॅन्सर, लिओमायोसार्कोमा त्यातलाच) निघतो असा अंदाज अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये दिला होता, म्हणूनच दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मशीनने पोटातच गाठीचे तुकडे करण्याबद्दल त्यांनी इशारा दिला, कारण गाठ कॅन्सरची असली तर पेशी पोटभर पसरतात.

मी राजारामपुरीत एका लॅबमध्ये ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे तपासणीला तयार करायचं काम करतो. गडहिंग्लज, गारगोटीकडून त्यांच्या बरण्या येतात. एकदा एक गर्भपिशवी नुसत्या सलाईनमध्ये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, वास सुटलेला, आणि ती मी अजून विसरलो नाही. का ते सांगतो.

फायब्रॉइड कापला की पांढरा, घट्ट, दोऱ्याचा गुंडा कापल्यासारखा दिसतो. सार्कोमा मऊ, मांसल, मध्येच रक्त साकळलेलं, कडा नीट न सुटणारी. पण डोळ्यावर विसंबून चालत नाही, म्हणून गाठीच्या दर सेंटिमीटरमागे साधारण एक तुकडा घेऊन मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, ३-४ मायक्रॉनचे काप काढतात, रंगवतात, आणि मग पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टी बघतात. पेशींची केंद्रकं वेडीवाकडी आहेत का, विभागणाऱ्या पेशी म्हणजे मायटोसिस किती, आणि गाठीचा काही भाग आपोआप मेलाय का. १९९४ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अशा २१३ अवघड केसेस अभ्यासून ही पद्धत बसवली. नेहमीच्या लांबट पेशींच्या गाठीत तीनपैकी दोन गोष्टी ठळक असल्या तर निदान कॅन्सरकडे जातं, मायटोसिस ठळक म्हणजे मायक्रोस्कोपच्या १० फील्डमध्ये (एका वेळी दिसणाऱ्या भागांत) मिळून १० किंवा जास्त. मेलेला भाग ओळखणं सगळ्यात अवघड, फायब्रॉइडही मधून मरतो, पण तिथे जिवंत आणि मेलेल्याच्या मध्ये एक काचेसारखा पट्टा येतो, सार्कोमात जिवंत पेशींना लागूनच एकदम मेलेल्या पेशी सुरू होतात.

आता ती सलाईनमधली पिशवी. फॉर्मॅलिन म्हणजे तुकडा न कुजता टिकवणारं द्रव, ते नसलं की पेशी कुजतात, मायटोसिस ओळखू येईनासे होतात, मोजणी कमी भरते, आणि कुजलेलं काय आणि गाठीत आधीच मेलेलं काय हेच कळत नाही. त्या बाईंचा रिपोर्ट शेवटी "नक्की सांगता येत नाही" असाच गेला. फॉर्मॅलिन ढोबळमानाने तासाला एक मिलीमीटर आत शिरतं, म्हणून मोठी पिशवी उघडून, तुकड्याच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत बुडवायला पाहिजे. ऑपरेशन झाल्यावर नातेवाईकांनी डॉक्टरांना खुशाल विचारावं, तुकडा तपासणीला पाठवलाय ना, फॉर्मॅलिनमध्ये आहे ना, लय साधा प्रश्न आहे.

पोटातल्या गाठींची गोष्ट वेगळी. पूर्वी जठर-आतड्यातल्या अशा कितीतरी गाठींना लिओमायोसार्कोमाच म्हणायचे. १९९८ मध्ये जपानच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी किट नावाच्या जीनमधला बिघाड शोधला आणि कळलं की त्यातल्या बहुतेक गाठी जिस्ट नावाच्या वेगळ्याच आहेत. फरक कळायला इम्युनो करतात, म्हणजे ठरावीक प्रथिनं असली तर काप तपकिरी होतो अशी टेस्ट. डेस्मिन, एसएमए ही प्रथिनं तपकिरी आली आणि सीडी११७, डॉग१ नाही आली तर स्मूथ मसल, सीडी११७ आणि डॉग१ आली तर जिस्ट. हा खर्च टाळू नका, जिस्टला इमॅटिनिबची गोळी चालते, लिओमायोसार्कोमाला नाही, तिथे मुख्य भर ऑपरेशनवर, आणि तो रक्तातून फुप्फुसात जातो म्हणून छातीचा सीटी लागतो.

टाटाला मुंबईला जाणार असाल तर रिपोर्टच्या कागदाबरोबर लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, तिथे पुन्हा बघतात. आणि ब्लॉक मेणाचा असतो, तेव्हा एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, बॅगेत आत ठेवा.