फ्लोरिडाचं न्यू कॉलेज : प्रवेश कठीण की अभ्यास?

सॅरासोटाच्या समुद्रकाठी असलेल्या न्यू कॉलेज ऑफ फ्लोरिडाबद्दल एक समज वर्षानुवर्षं ऐकू येतो: हे राज्याचं ‘ऑनर्स कॉलेज’ (हुशार विद्यार्थ्यांसाठीचं खास कॉलेज), म्हणजे इथे प्रवेश मिळणं हार्वर्डइतकंच अवघड. हे खरं नाही. २०२३ मध्ये विश्वस्त मंडळ बदलण्याआधीच्या काही वर्षांत इथे अर्ज करणाऱ्या दहापैकी साधारण सात जणांना प्रवेश मिळत असे.

मग ‘कोणालाही घेतात’ म्हणायचं का? तेही चूकच. आपल्याला कट-ऑफची सवय, म्हणून टक्का दिसला की आपण लगेच दर्जा ठरवतो. पण हा टक्का अर्ज किती आले यावरही ठरतो. जेमतेम सात-आठशे विद्यार्थ्यांच्या या कॉलेजात मुळात अर्जच कमी येत, आणि तेही बहुतेक अशा मुलांचे, ज्यांना आपण कशात शिरतोय हे नीट माहीत असायचं.

खरी चाळणी प्रवेशानंतर लागे. गुणांऐवजी प्राध्यापक प्रत्येकाच्या कामावर सविस्तर लेखी अभिप्राय देत. दर सत्रात मार्गदर्शकाबरोबर बसून अभ्यासाचा करार लिहायचा, पदवीसाठी असे सात करार पुरे करायचे. शेवटी प्रबंध, आणि तीन प्राध्यापकांसमोर त्याची तोंडी परीक्षा. पदवीच्या पातळीवर, सरकारी कॉलेजात! मला तरी प्रवेशाच्या टक्क्यापेक्षा हीच माहिती मोलाची वाटते. तेव्हा मुलांसाठी कॉलेज शोधताना शेवटच्या वर्षी काय करावं लागतं, हे आधी विचारा.